भिंगकाकांच्या पोरक्या नोंदी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला शब्दशः समजावा, कारण पुढे कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मी ठीक. जेवतो, झोपतो, फक्त आरशात स्वतःकडे फार वेळ पाहवत नाही.

ऑफिसात कोण काय करतंय हे दिसावं म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, आणि ते सांभाळतो मी. त्यात मोठ्या कामाच्या पोटात लहान काम, त्याच्या पोटात आणखी लहान. वरच्याला पालक म्हणायचं, खालच्याला मूल. तीन पिढ्यांचं सुखी कुटुंब होतं ते. पण चित्रं काढणाऱ्या टीमला 'काम' हा शब्द रुक्ष वाटला, 'कल्पना' हवी होती. करून दिली. प्रोग्रॅमवाल्यांना पाच पिढ्या हव्या होत्या. दिल्या. विक्रीवाल्यांनी तर सगळ्यांच्या डोक्यावर 'ध्येय' आणि त्याच्याही वर 'स्वप्न' बसवून घेतलं. (स्वप्नाखाली अजून एकही काम नाही.) नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा गुण आईकडून आलाय, म्हणजे तुमच्याच घराण्यातून.

काहीच मागितलं नाही ते एकट्या भिंगकाकांनी. तुमचे फिरायला जायचे सोबती. त्यांनी शब्द टाकला म्हणून तर मी इथे चिकटलो. त्यांचं काम चुका शोधणं. मी आपणहून त्यांच्यासाठी 'दोष' नावाचा वेगळा थर केला, सुबक, लाल रंगाचा. पण तो कुणाच्या पोटात घालायचाच राहिला. त्यामुळे त्यांच्या नोंदी त्यांना दिसत, दुसऱ्या कुणालाही नाही.

दवाखान्यात रोग्यांचे क्रमांक पुकारणारं यंत्र आम्ही बनवतो. नव्याण्णवनंतर ते पुन्हा एकपासून मोजतं, हे काकांनी तीनदा नोंदवलं. मग माझ्या टेबलाशी आले. "अरे, माझं लिहिलेलं कोणी वाचतं का?" "वाचतात ना काका," मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो. पुढे सॉफ्टवेअरने काढलेल्या तिमाही अहवालात त्यांच्या नावासमोर शून्य आलं, आणि मी तो न बघताच साहेबांकडे धाडला. साहेबांनी त्यांना घरी बसायला सांगितलं. काका भांडले नाहीत. भिंग, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि "तुझ्यावर फार ताण आहे हो," म्हणून निघून गेले.

आठवड्याभरात एका दवाखान्यात एक क्रमांकाचे दोन रोगी, एक सकाळी पाळी चुकलेला आणि एक शंभरावा, दाताच्या डॉक्टरांच्या एकाच खुर्चीत बसायला धावले, तेव्हा मी शोधाशोध केली. एकशे बेचाळीस लाल, पोरक्या नोंदी निघाल्या. शेवटची अशी : 'या नोंदी कोणाला दिसत नसाव्यात असं वाटतं. मुलाकडून नजरचुकीने झालं असेल. त्याला रागावू नये.'

मामा, मी साहेबांना सगळं सांगून टाकलं.

तुमचा,
भाचा

ता. क. साहेबांनी काकांना परत बोलावलंय, पण काका फोन उचलत नाहीत. उद्या फिरायला जाताना मला बरोबर न्याल का? बोलेन मीच, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

आणखी ता. क. साहेबांना सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. 'सॉफ्टवेअरची चूक' एवढंच म्हणालो. उद्या आधी त्यांच्याकडे जातो. फिरायला परवा न्या.