नजर कढईत

माय, मी बोलतेय आणि नात लिहितेय. मला अजून अक्षर येत नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या. सकाळी ती इंग्रजीचा धडा पाठ करत होती, 'कीप युवर आय ऑन द बॉल.' मी विचारलं, "म्हंजी काय गं?" "आज्जी, चेंडूवरची नजर काढायची नाही. म्हणजे हातातल्या कामावरनं ध्यान हलू द्यायचं नाही. खेळात म्हणतात, अभ्यासात म्हणतात, धंद्यातपण." म्हटलं, "एवढंच? माझी माय हे चेंडूबिगर शिकवायची." तर म्हणते, "मग वाक्यात उपयोग करून दाखव." म्हणून हे पत्र.

भूमकडची आपली खव्याची भट्टी. दूध आटत आलं की उलथनं थांबायला नको, नाहीतर तळाला लागतं. मी आठ वर्षांची, दोन्ही हातांनी घोटतेय, आणि तू लाकडं सारता सारता ओरडतेस, "ए भवाने, नजर कढईत! गावाकडं बघून खवा व्हत न्हाय." त्या दिवशी तू लाकडं आणायला गेलीस आणि अख्खी कढई लागली. आल्या आल्या विचारलंस, "कुठं व्हतं ध्यान?" म्हटलं, "डोळ्यात धूर गेला." तू पदरानं माझे डोळे पुसलेस, फुंकर घातलीस, तळाची खरवड माझ्या हातावर ठेवलीस. बापाला तू सांगितलंस, "माझ्याच हातनं लागलं." त्याची बोलणी तू खाल्लीस, खरवड मी खाल्ली. लई गोड होती, खोटं कशाला बोलू.

धूर गेला नव्हता, माय. समोर शाळेच्या पडवीत माझ्याच वयाची एक पोर फळ्यावर काहीतरी लिहीत होती. ती खाली बसेपर्यंत मी बघत राहिले. नजर जरासुद्धा हलली नाही माझी, फक्त कढईत नव्हती. मला शाळेत घाल, एवढंच म्हणायचं होतं. तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस, मग तोंड उघडेना. तू फसलीस की फसल्यासारखं केलंस, ते आता कोणाला विचारू?

हे पत्र टपालात टाकायचं नाही, डब्यात ठेवायला सांगणार आहे. नात मधेच लिहायची थांबली. "आज्जी, शिकवू का तुला?" म्हटलं, "या वयात कुठं दिसतंय बाई!" ही तुझ्यासारखी गप बसणारी नाही. म्हणते, "मोतीबिंदू काढलाय की तुझा."

दिसतं गं माय, सगळं लख्ख दिसतं. भ्या वाटतंय.