अंधाराची मोजणी

५ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, एवढ्यासाठी पत्र कशाला. फोनवर बोललेलं दफ्तरी लागत नाही. चौतीस वर्षं मी जमिनी मोजल्या, पण तोंडी सांगण्यावरून कुणाची हद्द वीतभरही सरकवली नाही. तेव्हा लेखी कळवतो.

विषय तुझी कन्या. सुट्टीत इथे असताना ठकी भरल्या ताटावर, जावईबापूंच्या देखत म्हणाली की उल्का वगैरे काही नसतं, आजोबा उगाच सांगतात. तिचंही चुकलं नाही. डिसेंबरातला उल्कावर्षाव दाखवतो असं मी तिला तीन वर्षं कबूल करतो आहे. पहिल्या वर्षी ढग आले. दुसऱ्या वर्षी समोरच्या बांधकामावर कुणीतरी दिवसासारखे दिवे लावले. गेल्या वर्षी आम्ही दोघं गच्चीत सतरंजीवर पडलो ते उजाडल्यावर उठलो. त्याचा दोष मी थंडीला देतो, ती मला देते. मोजणी खात्यात माझ्या आकड्यावर कधी कुणी शंका घेतली नाही आणि आता आठ वर्षांची पोर मला थापाड्या ठरवते, हे मला फार लागलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर यंदा १३ डिसेंबरच्या रात्रीची जागा मी आधीच मोजून ठरवणार आहे. पद्धत सोपी आहे. अंधार पडला की कालचं वर्तमानपत्र घेऊन निघायचं आणि जागोजागी थांबून मथळा वाचायचा. जिथे मथळा वाचता येणार नाही ती जागा अंधाराची. नकाशा पाठवतोच. तू तीन दिवसांची रजा टाक.

आशीर्वाद आहेतच, रजेचं तेवढं मनावर घे.

तुझे,
बाबा

१३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रजेचं मनावर घेतलं, पण ते साहेबांनी घ्यायला हवं ना. ऑफिसातले सगळे जुने लॅपटॉप जमा करून नवे वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. एकशे साठ लॅपटॉप, प्रत्येकाच्या पोटाला नंबराचं स्टिकर, आणि सगळे १० डिसेंबरच्या आत माझ्या कपाटात हवेत.

तुम्हाला जमिनी मोजायला मिळाल्या हे तुमचं नशीब. जमीन निदान जागेवर असते. टपाल बघणाऱ्या बाईंनी त्यांच्या लॅपटॉपला स्वेटर विणला आहे आणि तो उतरवायला त्या तयार नाहीत. भांडारातल्या काकांचा लॅपटॉप तीन दिवस सापडेना. शेवटी तो खिडकीच्या चौकटीत अडकवलेला दिसला, तावदान आपटू नये म्हणून. काका म्हणाले, फार चांगलं यंत्र, तीन वर्षांत एकदाही बंद पडलं नाही. एकाचा लॅपटॉप उलटा केला तर आतून मूठभर बिस्किटांचा चुरा पडला, आणि तो गृहस्थ वर मलाच विचारतो की हा कुणाचा.

असे करत एकशे एकोणसाठ लॅपटॉपचा पत्ता लागला. त्र्याहत्तर नंबरचा काही केल्या सापडत नाही. साहेबांनी बजावलंय की यादी जुळल्याशिवाय रजा नाही. म्हणजे त्र्याहत्तर मिळाला तर आम्ही येणार, नाहीतर ठकीला चौथ्या वर्षीही काही दिसणार नाही. तिने आत्ताच सांगून ठेवलंय की तिला काही फरक पडत नाही. हे ती दिवसातून चारदा सांगते.

बाकी, तुमचं अक्षर फार मोठं झालंय. एका पानावर नऊच ओळी मावल्या होत्या. हात दुखतो का?

ती. आईस सा. न. माया आहे तेवढी पुरे, काळजी जरा कमी करा.

तुमची,
बेबी

२१ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

हात ठणठणीत आहे. कागद स्वस्त आहे, म्हणून मोठं लिहितो.

मोजणी पूर्ण झाली आणि निकाल माझ्या अपेक्षेपलीकडचा आहे. आठ संध्याकाळी मी एकोणीस ठिकाणी उभा राहिलो. आधी डोंगराच्या पायथ्याशी गेलो, तिथे मथळा वाचता आला नाही. हे अपेक्षितच होतं. मग नदीकाठ, तिथेही तेच. परत येताना सहज म्हणून बस डेपोच्या कोपऱ्यावरच्या बाकाशी पेपर उघडला तर तिथेही एक अक्षर लागेना. दवाखान्याच्या दारात तीच गत. थोडक्यात, आपलं सगळं गाव सारखंच अंधारं निघालं आणि इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. सबब डोंगरावर तंगडतोड करायचं काही कारण उरत नाही. डेपोचा बाक घरापासून चार मिनिटांवर आहे, टेकायला पाठ आहे, शेजारी चहाही मिळतो. नकाशा जोडला आहे. बाकावर लाल फुली आहे.

तुझ्या त्र्याहत्तरबद्दल एक अनुभवाचा सल्ला. आमच्या खात्यात एकदा अख्ख्या शिवाराची मोजणी झाली आणि एक तुकडा कमी भरला. महिनाभर शोधाशोध. शेवटी कळलं की ज्या तुकड्यावर आमचा तंबू होता तोच मोजायचा राहिला होता. माणूस बाकी सगळं मोजतो, आपण कुठे उभे आहोत ते विसरतो. तेव्हा आधी तिथे बघ.

आशीर्वाद घे आणि लवकर कळव.

तुझे,
बाबा

ता. क. बेबी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून गुपचूप लिहिते. डेपोच्या त्या बाकावर असा लख्ख दिवा आहे की रात्री सुई ओवता येईल. मी बोलले तर म्हणतात, तुला मोजणीतलं काय कळतं. हल्ली पेपर मीच वाचून दाखवते, कारण यांच्या मते छापखान्याने शाई पातळ केली आहे. काल दोरीवर वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्याला मांजर समजून पाच मिनिटं खाली बोलावत होते. डॉक्टरांचं नाव काढलं की उठून फिरायला जातात. तूच बघ आता. – आई

२९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

त्र्याहत्तर सापडला. कुठे ते सांगायचीही लाज वाटते.

तुमचं पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं. तंबूची गोष्ट वाचून हसले आणि हसता हसता समोर बघितलं. ज्या लॅपटॉपवर मी तीन आठवडे ती यादी करत होते तो उचलून उलटा केला. पोटावर त्र्याहत्तर. बाबा, मी अख्ख्या ऑफिसला नऊ वेळा ताकीद पाठवली होती. लिफ्टमध्ये कागद लावला होता की त्र्याहत्तर क्रमांक ज्याने दडवला असेल त्याने निमूटपणे आणून द्यावा. आता सगळे मला निमूटताई म्हणतात. टपालवाल्या बाईंनी तर मला शरम वाटू नये म्हणून स्वेटर उतरवून लॅपटॉप जमा केला. साहेब इतके हसले की त्यांनी तीनाऐवजी चार दिवसांची रजा दिली. आम्ही १२ तारखेला येतो.

आता तुमच्याबद्दल. रागावू नका. डेपोच्या त्या बाकावर बसून मी बारावीचा अभ्यास केला, कारण घरात दिवे जायचे आणि तिथला कधी जात नसे. तो दिवा अजून आहे, मी उन्हाळ्यात पाहिला. तुम्ही गावातला अंधार मोजला नाहीत बाबा, तुमच्या डोळ्यांतला मोजलात. हे लक्षात आलं तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. शेजारी माझीच ताकीद लटकत होती आणि मला रडू आवरेना.

तुम्ही म्हणाल, काही झालेलं नाही. मान्य. फक्त या पत्राच्या तळाशी मी एक ओळ बारीक अक्षरात लिहिली आहे. ती जशीच्या तशी उतरवून पाठवा. जमलं तर मी डॉक्टरांचं नावही काढणार नाही.

रागावलात तरी माझेच आहात. आईस सा. न.

तुमची,
बेबी

ही ओळ आईकडून वाचून घेऊ नका.

५ डिसेंबर

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

तुझी ओळ खालीलप्रमाणे: ही ओळ आईकडून वाचून घेऊ नका.

ती मला तुझ्या आईनेच वाचून दाखवली. वाचून झाल्यावर ती जी हसत सुटली ती अजून थांबलेली नाही. आधी मी अंदाजाने ‘तब्येतीस जपावे, थंडी आहे’ असं लिहून ठेवलं होतं. तो कागद फाडला.

काल डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकला आहे म्हणतात. शस्त्रक्रियेला २० तारीख दिली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. बेबी, खरं सांगायचं तर उन्हाळ्यापासून दिव्यांभोवती मला पिसारे दिसत होते. मुद्दाम बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही मला घरात बसवलं असतं आणि ठकीचं राहून गेलं असतं. आणि मला डोळ्याला कुणी हात लावण्याची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. आहे ते अर्धंमुर्धं तरी दिसतंय, तेही गेलं तर काय करू?

जागेची निवड मी तुझ्या आईकडे सोपवली आहे. ती सुई-दोरा घेऊन फिरली. जिथे सुई ओवता आली नाही अशी एकच जागा निघाली, पाण्याच्या टाकीमागचं माळरान. माझ्या एकोणीस ठिकाणांत ती नव्हती. ती हे रोज एकदा ऐकवते.

एकच विनंती. ठकीला यातलं काही सांगू नकोस. मी तिथे बसेन, ती वर बघेल आणि मी ‘वा’ म्हणेन. तिला एकदा दिसू दे, मग डोळ्यांचं काय ते बघू.

एवढं ऐक, मग म्हणशील ते ऐकतो.

तुझे,
बाबा

१७ डिसेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि. (याचा अर्थ आईने सांगितला, पण तो फार लांब आहे.)

आम्ही नीट पोचलो. बाबांना सर्दी झाली. आई म्हणाली, तुला जे सांगायचंय ते आजोबांना लेखी कळव, तोंडी चालत नाही. म्हणून लिहिते.

मला तेवीस उल्का दिसल्या. पहिली दिसली तेव्हा मी ओरडले आणि तुम्ही ‘वा’ म्हणालात. दुसऱ्या वेळीही ‘वा’. सहाव्या वेळी मला शंका आली, कारण तुम्ही टाकीकडे बघून ‘वा’ म्हणालात. म्हणून मी विचारलं की ती कुठल्या बाजूला गेली. तुम्ही उजवीकडे म्हणालात. ती डावीकडे गेली होती. मग तुम्ही म्हणालात की तुम्हाला एकही दिसत नाहीये. आईने काही केलं नाही, नुसता तुमचा हात धरला.

मग तुम्ही वही काढलीत आणि म्हणालात, ठके, तू सांग, मी लिहून घेतो. मी विचारलं, तुम्हाला दिसत नाही तर खरं कशावरून? तुम्ही म्हणालात, तू सांगतेस म्हणून.

आजोबा, बारावी मी खोटी सांगितली. तुम्ही काय करता ते बघायला. तुम्ही तीही लिहून घेतलीत आणि ‘ही मोठी होती का’ असं विचारलंत. मी हो म्हटलं. मला तेव्हापासून वाईट वाटतंय. म्हणजे खऱ्या बावीसच आहेत. वही दुरुस्त करा.

आणि उल्का असतात. मी जेवताना बोलले होते ते परत घेते.

आता तुम्ही परत येताना आजीला म्हणालात की नाही दिसत तर नाही, या वयात काय करायचंय डोळ्यांचं, ते मी ऐकलं. मला तीन वर्षं काही दिसलं नाही तरी मी दर वर्षी आले. तुम्हाला एकदाच दिसलं नाही तर लगेच नको म्हणता? २० तारखेला जा. भीती वाटली तर आजीचा हात धरा, ती तुम्हाला काही विचारणार नाही.

आशीर्वाद मीच देते, कारण तुम्हाला जास्त गरज आहे.

तुमची,
ठकी

मी हे सगळं मोठ्या अक्षरात लिहिलंय. आजीकडून वाचून घेऊ नका.

२ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. सात पानं होती, अख्खा दिवस लागला. तुझ्या आजीने मदतीला हात पुढे केला होता, तो घेतला नाही. तोच हात २० तारखेला दवाखान्यात धरला.

डावा डोळा झाला, उजवा पुढच्या महिन्यात. पट्टी काढल्यावर पहिली दिसली ती तुझी आजी. ती इतकी पांढरी झाली आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तसं म्हणालो तर म्हणाली, छापखान्याने शाई पातळ केली.

काल संध्याकाळी कालचा पेपर घेऊन डेपोच्या बाकावर गेलो. मथळा लख्ख वाचला. त्याखालची बातमीही अर्धी वाचली, उरलेली चष्मा आल्यावर वाचेन. सबब माझ्या नकाशातली लाल फुलीची जागा रद्द समजावी, असं तुझ्या आईलाही कळव.

वही मात्र दुरुस्त करता येत नाही. एकदा दफ्तरी नोंदलेलं आम्ही खोडत नाही. बारावी उल्का मी तू सांगितलीस म्हणून लिहिली आणि ती तशीच राहील. तिच्यापुढे मी फक्त एवढा शेरा मारला आहे: ठकीकडून येणे बाकी, प्रत्यक्ष दाखवून घ्यावी.

तुझे,
आजोबा