भंडाऱ्याचं मत

धामणवाडी, ता. फुलंब्री
२४ नोव्हेंबर

चि. हनुमान यास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझ्या गडचिरोलीच्या पोलीस पोस्टवर मोबाइलला रेंज नाय, म्हणून पुन्हा कागदावर आले. आईला मात्र हेच बरं वाटतं. फोनवरलं बोलणं हवेत जातं म्हणते, कागद कसा उशाखाली ठेवता येतो. पाकीट उघडताना भंडारा सांडला असेल तर झटकू नको, कपाळाला लाव. आपल्या इकडल्या साताऱ्याच्या खंडोबाचा आहे. बाबा मेंढरांचा वाडा घेऊन लांब गेले की तिकडून कुणाच्या ना कुणाच्या हाती निरोप धाडायचे, आणि सोबत चिमूटभर भंडारा असायचाच. कोरा निरोप म्हणजे वाईट बातमी, ही आपल्यातली रीत. आई ती काही सोडायची नाय. परवा लाइटबिलाचे पैसे पाकिटात घालून दिले, तर त्यालाही पिवळं बोट लावलं.

आता मोठी बातमी, खाली बसून वाच. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालंय आणि मी उभी राहतेय. तुझे दाजी आधी हसले, आता माझ्यापेक्षा तेच जास्त पळतायत. समोर आप्पासाहेबांची सून दीपमाला आहे. भांडण तिच्याशी नाय रे, भांडण गायरानाचं आहे. आप्पासाहेबांच्या मंडळींना तिथं सोलरचा प्रकल्प आणायचाय. तारेचं कुंपण पडलं की मेंढरं कुठं चारायची? मेंढरं राखणारी आपल्यातली मोजकीच घरं उरलीत, त्यांच्या बाजूनं बोलायला कुणीतरी पाहिजे.

तू बंदोबस्तावर असणार, तुझं येणं व्हायचं नाय. पण दाजी तहसीलात विचारून आले. निवडणुकीच्या कामावर असलेल्याला टपालानं मत देता येतं. तुमच्या साहेबांमार्फत अर्ज करायचा, मग मतपत्रिका तिकडंच येते. तेवढा अर्ज लगेच कर. शाळेत तुझे निबंध मी लिहायचे, हा अर्ज तरी स्वतः लिही. गावात मतं मागताना जीभ अडखळते माझी, तुझं मागताना नाय अडखळत.

जेवणाची हेळसांड करू नको. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
सुकेशनीआक्का


पोस्ट, जि. गडचिरोली
२ डिसेंबर

ती. आक्कास हनुमानचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. भंडारा वर्दीवर सांडला आणि शेजारच्या खाटेवरचा सुदर्शन म्हणाला, हनुमानला हळद लागली, आता लगीन पक्कं. आईला सांग, इथं थंडी लई आहे, पण तिचं घोंगडं सोबत आहे.

आक्का, राग येऊ देऊ नको, पण तुझं उभं राहणं मला रुचलं नाय. बाबांचा वाडा दर उन्हाळ्यात आप्पासाहेबांच्या रानात बसायचा. सांजच्याला ते स्वतः बांधावर यायचे. बाबा कमरेची पिशवी सोडायचे आणि एवढा मोठा माणूस भंडाऱ्यासाठी वाकून कपाळ पुढं करायचा. त्यांच्या घरून दुरडी भरून भाकरी यायच्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी भरतीची तयारी करत होतो तेव्हा त्यांनीच मला शहरात, छावणी भागात आपल्या मेव्हण्याकडं ठेवून घेतलं. तिथं राहून पळालो म्हणून आज अंगावर वर्दी आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच दारासमोर ढोल वाजवायचा का? बाबा असते तर काय म्हणाले असते?

अर्ज करतो, तो माझा हक्क आहे. पण कुणाला देणार ते विचारू नको. मत गुप्त असतं, हे आम्हीच इथं लोकांना सांगत फिरतो.

आईला आणि दाजींना नमस्कार. धाकट्यावर लोभ असू दे.
तुझा,
हनुमान


धामणवाडी
९ डिसेंबर

चि. हनुमान यास आशीर्वाद, जरा कमीच.

वि. वि. पत्र आईला वाचून दाखवलं. मधला मजकूर गाळणार होते, पण तिनं तोंडावरून ओळखलं आणि सगळं वाचायला लावलं. ऐकून नुसती उठून गेली.

मीठ त्यांचं, व्हय. पण खत कुणाचं? त्यांच्या रानात ऊस उभा राहिला तो आपल्या मेंढरांच्या लेंड्यांवर. त्यांनी भाकरी दिली, आपण जमीन पिकवून दिली. त्यात उपकार कुणाचे कुणावर, हे बाबांनी कधी काढलं नाय, आप्पासाहेबांनीही काढलं नाय. तू मात्र काढलंस.

तुला गायरान आठवतं का रे? तू एवढासा होतास. घोड्यावर भांडीकुंडी, त्यावर कोंबड्या, त्यावर तू आणि तुझ्या मांडीत कोकरू. वाटेनं दोघं झोपायचात आणि मी घोड्याचा लगाम धरून तुमच्याकडं बघत चालायचे, पडाल म्हणून. फिरून फिरून वाडा परत आला की पहिला मुक्काम गायरानातल्या लिंबाखाली. तिथून गावातले दिवे दिसायचे आणि आई म्हणायची, आलं बाई घर. बाबांनी मेंढरं विकली तेव्हा शेवटचा वाडाही त्याच लिंबाखाली मोडला. त्या दिवशी ते जेवले नाय. त्या लिंबाला तारेच्या आत घेणार आहेत.

माझी निशाणी कपबशी आहे. शहरातल्या क्रांती चौकातून बॅनर छापून आणला, त्यात माझं तोंड पुरीसारखं फुगलंय. आई म्हणते, बरं झालं, खाऊनपिऊन सुखी दिसतेस.

तू सांगू नको म्हणालास, मी विचारणार नाय. पण एक सांगून ठेवते. गाव विरोधात गेलं तर सोसेन. तू गेलास तर ते मला सोसायचं नाय.

आईनं या पाकिटालाही बोट लावलंय, मी नको म्हणत असताना. अजून तरी तुझीच,
आक्का


पोस्ट, जि. गडचिरोली
१६ डिसेंबर

ती. आक्कास नमस्कार.

वि. वि. मतपत्रिका आली. आमच्या कंपनीत टपालानं मत देणारे थोडेच आहोत, त्यामुळं साहेबांनी सगळं नीट समजावलं. मत द्यायचं ते एकट्यानं. मग मतपत्रिका छोट्या पाकिटात, ते पाकीट आणि सही केलेलं घोषणापत्र मोठ्या पाकिटात. घोषणापत्रावर साहेबांनी सही-शिक्का मारला. म्हणाले, हनुमान, सरपंचाच्या मतासाठी एवढा घाम? त्यांना काय सांगणार.

पेन हातात धरून लई वेळ बसलो. बाबा आठवले. एका निवडणुकीला ते पैठणकडच्या मुक्कामावरून चालत आले होते, घोंगड्यात आजारी कोकरू घेऊन. बूथवर शिपाई म्हणाला कोकरू बाहेर ठेवा, तर म्हणाले याला माझ्याबिगर कुणी पाजत नाय. शेवटी तू ते धरून बाहेर उभी राहिलीस. एवढं चालून कशाला आलात, असं मी विचारलं तर म्हणाले, मत म्हणजे गावाला धाडलेला निरोप असतो, तो चुकवू नये.

म्हणून मीही निरोपासारखंच धाडलं. आईनं निघताना दिलेल्या डबीतला भंडारा घेतला, देवाचं नाव घेतलं आणि चिमूट आत टाकून पाकीट चिकटवलं. कोरं पाकीट गावाकडं धाडायला हात धजला नाय.

कुणाला दिलं ते सांगत नाय. तू लिहिलेलं सगळं वाचलंय, एवढंच. थंडीत घसा सांभाळ, प्रचारात ओरडू नको.
तुझा,
हनुमान


धामणवाडी
२४ डिसेंबर

चि. हनुमान यास आक्काचे लाख लाख आशीर्वाद, मागच्या पत्रातले उरलेलेही यातच धर.

वि. वि. मी पडले. थोडक्यात पडले, पण पडले. तुझं एक मत धरलं असतं तरी पडलेच असते, तेव्हा पुढचं वाचून जिवाला लावून घेऊ नको.

फुलंब्रीला तहसीलात मोजणी होती. आमच्या टेबलावर मी आणि तुझे दाजी, आणि दीपमालाच्या बाजूनं स्वतः आप्पासाहेब, काठी टेकत आलेले. टपालाची मतं आधी काढली. धामणवाडीची दोनच होती. दुसरं छोटं पाकीट उघडलं आणि मोजणीच्या साहेबांच्या टेबलावर पिवळी भुकटी सांडली. मतपत्रिका बाहेर काढली तर तिच्यावर तुझा पिवळा अंगठा उमटलेला, रेषा न् रेषा दिसणारा. तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीतच होतं, आदल्या दिवशी आलेलं.

साहेब चांगला माणूस होता. त्यानं मतपत्रिका दोन्ही बाजूंना दाखवली आणि म्हणाला, मतदार ओळखू येईल अशी खूण असली की मत बाद करावं लागतं. तेव्हा आम्ही सगळ्यांनीच ते पाहिलं. तुझी फुली कपबशीसमोर होती.

आणि ऐक, आधी तोंड उघडलं ते आप्पासाहेबांनी. बाबांचं नाव घेऊन साहेबांना म्हणाले, हे मत मोजा. हे सोनाजीच्या घरचं आहे, हा भंडारा मी जन्मभर कपाळाला लावलाय, मला ओळखू येतो. साहेब बिचारा म्हणाला, आप्पा, तुम्हाला ओळखू येतो म्हणूनच तर मोजता येत नाय. मग आप्पासाहेबांनी टेबलावर सांडलेला भंडारा बोटानं टिपला, कपाळाला लावला आणि खाली बसले. निघताना मला विचारलं, पोराला सुट्टी कधी आहे. रागाचा लवलेश नव्हता.

गायरानाचं अजून काही ठरलेलं नाय. ग्रामसभेत विषय येईल आणि पहिल्या रांगेत मी बसलेली असेन.

आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं, तिच्या भंडाऱ्यानं माझं मत घालवलं, आणि ती डोळ्याला पदर लावून बसली. मी तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. ते पाकीट कोरं असतं तर तुझं मत ढिगात मिसळून गेलं असतं आणि तू मेलास तरी मला सांगितलं नसतंस. गावानं दिलेली मतं मोजून झाली, मी पडले. पण मला जे एक पाहिजे होतं ते बाद झालं म्हणून मला दिसलं. घरी येताना गायरानात लिंबाखाली थांबले आणि मन भरेस्तोवर रडले. दुःखानं नाय रे.

आई म्हणते, पुढच्या टायमाला भंडारा कपाळाला लाव, पाकिटात टाकू नको. हे सांगत सांगत तिनं या पाकिटात चिमूट नाय, मूठभर टाकलाय. वर्दी बाजूला ठेवून उघड.

तुझी, आता पुरती तुझीच,
आक्का