सातवा डबा

३ एप्रिल १९९५
पुणे सोडून आज हैदराबादेत रुजू झालो. परदेशी वायरलेस आता सरळ मिळतो, त्यामुळे सिक्युरिटी कंपन्यांचं पेव फुटलंय, आमची त्यातलीच. कचेरी हिमायतनगरला, माझी खोली टेकडीवर, रिपीटरपाशी. रखवालदारांच्या वॉकीटॉकीचा आवाज तो झेलतो आणि शहरभर फेकतो. नको त्या लहरी अडवायला तांब्याचे उभे डबे असतात. सहा पुरतात, इथे सात! डब्यातली दांडी वरखाली करून लहर जुळवायची आणि वरच्या नटाने आवळायची. सातवा अडवतो ती लहर कोणी वापरतच नाही. आधीच्या एकनाथरावांनी त्याच्या दांडीवर, नटापाशी, नेलपॉलिशची लाल खूण करून ठेवलीय. हौस म्हातारबुवांची.

५ एप्रिल
सातवा डबा उगाच आवाज खात होता. थिनरने खूण पुसली, नट सोडला, दांडी पूर्ण वर ओढली. कुकटपल्लीच्या रखवालदारांचा आवाज कानाशी बोलल्यासारखा स्वच्छ. साहेबांनी पाठ थोपटली. मी जाम खूश.

८ एप्रिल
कुकटपल्लीच्या कारखान्यात आमच्या लोकांनी एका भंगारवाल्याला काठ्यांनी ठेचून मारलं. चेहरा उरला नव्हता. तिथल्या रखवालदारांचे मुकादम अप्पाराव, त्यांच्यावर मी भडकलो. ते शांतपणे म्हणाले, “आपीच बोले ना साब टॉकी पे, छोड़ना नक्को, मारो करके.”
मी तेव्हा खानावळीत जेवत होतो.

९ एप्रिल
आज टॉकीवर ऐकला. माझाच आवाज. बोलण्याआधी खाकरणंसुद्धा माझं. एका हमालाची बोटं तोडायला सांगत होता. रिपीटरची वीज काढली, तरी बोलतच राहिला. हमालाचं किंचाळणंही ऐकलं.

१० एप्रिल
सुलतान बाजारात एकनाथरावांचं घर गाठलं. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई म्हणाल्या, नोकरी सोडली त्या दिवशी यांनी दोन्ही कानांत स्क्रूड्रायव्हर खुपसला. एकनाथरावांनी पाटीवर लिहिलं: दांडी होती तिथेच आण. तो डबाच त्या आवाजाला धरून ठेवतो.
खूण मी पुसली. मीच.

११ एप्रिल, दुपार
दांडी किंचित आत. नट आवळला की दांडी सरकते. पुन्हा.
आवाज अप्पारावांना सांगतोय, टेकडीवर चोर घुसलाय, माझी नक्कल करतो, जिवंत सोडू नका.
बटण दाबून ओरडलो, मी शशिकांत, ऐकू नका त्याचं. त्यानेही तेच म्हटलं. तसंच. माझ्याच आवाजात.
अप्पारावांची जीप खाली थांबली.
अजून थोडी आत — मीटरची सुई शून्यावर पडली. जुळलं. दोनातला एक आवाज गेला.

बटण दाबून बोलतोय. ऐकायला शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या टॉकीतून माझं काहीच येत नाही —
आता खाकरला. तो.
गेला तो माझा.
काठ्या दारावर. अप्पाराव, अहो मी —