स्वीडिश सम

बाबा, तुमची स्वीडिश सम खोटी निघाली. हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुमच्याशिवाय कुणाला त्यातलं काही कळणार नाही.

जर्मनीतल्या, र्युसेल्सहाइमच्या याच स्वयंपाकघरात तुम्ही घेवड्याच्या शेंगा निवडत बसला होतात. इथे रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ असते, दुपारी आवाज केला की शेजारी दार वाजवतात, म्हणून तुमचा तबला आणला नव्हता, आणि त्यावरून तुमची रोज कुरकुर चालायची. ह्यांनी फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, एका स्वीडिश बँडची रेकॉर्ड आणली होती. म्हणायचं रॉक, पण मधेच बासरी, मधेच जॅझसारखा भरकटणारा सॅक्सोफोन. मला वाटलं, तुम्ही कानांवर हात ठेवाल. तुमचा हात शेंगेवरच थांबला. "अकरा मात्रा आहेत," म्हणालात. मी टाळी देऊन पाहिली तर खेकसलात, "तबल्याच्या घरात जन्मलीस आणि तालाची खाली कुठे येते हेही कळेना?" मग सॅक्सोफोन आला, अपेक्षेच्या कितीतरी आधी, आणि तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "वा! साडेतीन मात्रा गिळल्या लेकांनी! आणि सम बघ कशी आणून ठेवली! याला रियाज लागतो." नात मांडीवर होती. तिचा इवलासा तळवा धरून तुम्ही ती जागा पुन्हा पुन्हा वाजवून घेतलीत. मिरजेला परतल्यावर शिष्यांनाही तेच शिकवलंत.

त्याच थंडीत तुम्ही गेलात. मी मिरजेला आले, सगळं केलं, इथे परत आले, कामावर गेले. मावशी म्हणाली, रडू नंतर येईल. इतकी वर्षं झाली, आलेलं नाही. वाईट वाटत नाही असंही नाही, वाटतच नाही काही. तुमचा फोटो पुसते तसाच फ्रीज पुसते.

परवा तुमच्या सगळ्यात जुन्या शिष्यांचा फोन आला. "ताई, गुरुपौर्णिमेला सरांची स्वीडिश सम वाजवतोय. ती मूळ रेकॉर्ड पाठवा की, पोरांना ऐकवू." आपली जुनी खरखरते, म्हणून ह्यांनी त्याच अल्बमची कोरी रेकॉर्ड मागवली. काल लावली. ती जागा जवळ आली तसा माझा हात टेबलावर पडला. पलीकडे लेकीचाही पडला, त्याच क्षणी. सॅक्सोफोन आलाच नाही. आमचे हात तसेच राहिले आणि तो नंतर सावकाश आला.

"दा इस्ट वास त्सु फील, ममा," लेक म्हणाली. काहीतरी जास्त आहे. ह्यांनी जुनी रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली. "अगं, ओरखडा आहे इथे. सुई उडायची." म्हणजे त्या स्वीडनवाल्यांनी काही गिळलं नव्हतं. ते बिचारे सरळ अकरा मोजत होते. तुम्ही, आख्ख्या मिरजेत तालाला पक्के, एका ओरखड्याला दाद देऊन गेलात. हे खूप हसले. मीही हसले असेन. तुमची कीव येते का, राग येतो का, म्हणून जरा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही.

लेकीने न विचारता कोरी रेकॉर्ड काढली आणि जुनी लावली. मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र जर्मन. तरी म्हणाली, "आजोबांची इस्ट रिश्टिग." आजोबांचीच बरोबर. यावेळी दोघींचे हात आणि सॅक्सोफोन एकदम पडले.

मी जुनीच लावून फोनवर टिपली आणि मिरजेला पाठवली. ओरखड्याचं काही लिहिलं नाही. "अगदी सरांसारखीच!" असं त्यांचं उत्तर आलं आहे. आता विचार करते, तुम्हाला तरी का कळावं? म्हणून हे पत्र, बाबा, तुमच्या फोटोसमोरसुद्धा वाचणार नाही.