पहिले थेंब

दादा, तुमची नात दारूच्या धंद्यात गेली आहे. तिला हे वाक्य आवडत नाही. "मम्मी, दारू नाही, वाइन," असं ती मला कधीपासून समजावते आहे, आणि मी म्हणते, बाई, नाव काहीही ठेव, बाटलीच ना ती. नोकरी लागली त्या दिवशी पहिले खजराण्याला जाऊन गणपतीला लाडू चढवून आली, प्रसाद माझ्या हातावर ठेवला, मी तो तोंडात टाकला, आणि मग सांगितलं कुठली नोकरी. आता तोंडात प्रसाद असताना माणूस रागावणार कसा? अट मात्र तिनेच घातली. "एकदा येऊन बघ, चाखून बघ. त्याच्यानंतर तू नको म्हणालीस तर मी सोडून देईन." ती शब्दाची पक्की आहे, खरंच सोडली असती. म्हणून मला जावं लागलं. आयुष्यभर ज्या वस्तूला बोट लावलं नाही, जी घेणारा मुलगा नको म्हणून आईने माझी दोन चांगली स्थळं परत पाठवली, ती चाखायला मी रविवारी सकाळी सिल्कची साडी नेसून निघाले.

सिमरोलच्या पुढे एक टेकडी आहे. तिच्या उतारावर तारांना बांधलेल्या द्राक्षवेलींच्या रांगा, आणि वर काचांची लांबलचक इमारत. आधी वेली दाखवल्या, मग स्टीलच्या मोठ्या टाक्या, मग पांढरी चादर घातलेल्या टेबलाशी बसवलं. इंदूरहून आलेले आम्ही आठ-दहा जण होतो. सगळं समजावून सांगायचं काम आपल्या पोरीचं. एका गृहस्थांनी खिशातून शेवेची पुडी काढली. "बेटा, सेव के बिना कैसे चलेगा?" ती हसून म्हणाली, "अंकलजी, पहले सूंघिए. सेव से जीभ सुन्न हो गई तो कुछ पता नहीं चलेगा." त्यांनी मुकाट्याने पुडी आत ठेवली. घरी जिला दूध उतू गेलेलं कळत नाही ती इथे बोलते आणि मोठी माणसं ऐकतात, हे बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती माझ्यापाशी आली. "मम्मी, ग्लास हळू फिरव. गटकन पिऊ नकोस. पहिले नाक आत घाल."

मी नाक आत घातलं. घरून निघताना मनाची तयारी केली होती, की मळमळेल, आई आठवेल, आणि उठून बाहेर जाता येईल. तुमची ती देशी आणि ही साहेबी, पण दोघींच्या तळाशी कुठेतरी एकच आंबूस वास आहे. आणि दादा, मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलेली आहे, पाय खाली लोंबताहेत. तुम्ही कृष्णपुऱ्याकडून पिऊन आला आहात आणि आईला बाजूला सारून स्वतः मक्याची कणसं किसताय, भुट्ट्याचा कीस करायला. सकाळी मी रिझल्ट दाखवला तेव्हा तुम्ही मान वर न करता "ठीक आहे, पंखा बंद कर" म्हणालात. आता तुम्ही एकेक विषय विचारताय, मार्क ऐकून डोळे पुसताय, "अव्वल आली गं माझी वाघीण" म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवताय. हातावरचा मका माझ्या केसांना लागतोय. मागे आई भिंतीला टेकून उभी आहे. ती हसत नाहीये.

लोकांच्या घरी बाप प्यायला की पोरं लपतात. आमच्याकडे उलटं. शुद्धीतले तुम्ही म्हणजे मिलच्या टाइम ऑफिसातला भोंगा, मोजकं आणि कडक. माया सगळी संध्याकाळनंतर. मी कुणाला हे सांगत नाही, सांगितलं तर आईचा अपमान होतो. तिने काय काय सोसलं ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला लिव्हरने नेलं तेव्हा मी कॉलेजात होते, तेही माझ्या समोरच झालं.

मग मी जे केलं ते माझं मलाच कळलेलं नाही. पिण्याआधी माझं बोट ग्लासात गेलं आणि मी त्या पांढऱ्या चादरीवर थेंब शिंपडले. तुम्ही करायचात तसे. "आधी गेलेल्यांची, मग आपली. फौजेतलं घराणं आहे आपलं," म्हणायचात, आणि जमिनीवर थेंब टाकल्याशिवाय ओठ लावायचा नाहीत. चादरीवर लाल डाग पडले. सगळे बघायला लागले. पोरीने वाकून हळूच विचारलं, "किडा होता का गं?" मी हो म्हटलं. पण दादा, मी दिली कुणाला? गेलेली तर आईही आहे, पण थेंब पडले ते तुमच्या नावाने. जिने तुम्हाला नेलं तीच मी तुम्हाला वाढली, तेही मान देऊन. हे प्रेम म्हणायचं की अक्कल गहाण पडली म्हणायचं? आईला का नाही आधी काही दिलं? मला तुमचा राग येतो, अजूनही येतो, आणि त्याच हाताने मी तुम्हाला पाजलं. बाकीचे चाखून भांड्यात थुंकत होते, तशी पद्धत आहे म्हणे. मी गिळली. तुरट होती, कच्च्या जांभळासारखी.

परतताना गाडीत तिने विचारलं, "मग? राहू की सोडू?" आई असती तर क्षणात सोड म्हणाली असती, आणि तिचं बिलकुल बरोबर असतं. मी म्हटलं, राहा. तिने एका हाताने माझा हात घट्ट दाबला. आता ती सगळ्यांना सांगत फिरते की मम्मीने माझं काम बघितलं, मम्मीला पटलं, माझी मम्मी मॉडर्न आहे.

हे पत्र मी उद्या फाडून टाकीन, पोरीच्या हाती लागायला नको. पटलं-बिटलं काही नाही, दादा. ती संध्याकाळी कामावरून येते, दमून माझ्या खांद्यावर डोकं टाकते, आणि तिच्या केसांना तो वास असतो. मी तिला लवकर उठू देत नाही.