मशीनची बोहनी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले बाई एकदाची गोरेगावला! हिंगोलीपासून जीपमध्ये कोंबून आले, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी. ड्रायव्हर म्हणे, पेटीचंबी अर्धं तिकीट लागंल. म्हटलं, मग पेटीला सीट द्या, मी टपावर बसते. सगळी जीप हसली, त्यालाही हसावं लागलं.

काम मजेचं आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताच्या बारीक नसा असतात. त्यांचा फोटो काढून जाडी मोजली की मेंदूतल्या नसांची तब्येत कळते, लकव्याचा धोका आधी ओळखता येतो. भानगड एवढीच की एका कॅमेऱ्याचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून इथे दोन कॅमेरे: एक टेबलावरचा जुना, कुठल्यातरी बंद पडलेल्या दवाखान्यातून आलेला, आणि एक हातात धरायचा नवा. प्रत्येकाचा डोळा दोन्हींवर टिपायचा आणि फरक नांदेडच्या सरांना कळवायचा. बाजाराजवळ एक खोली मिळाली आहे, मदतीला माणिकराव शिपाई.

राहायची सोय भिकाबाईंकडे. साठीच्या, मूळच्या तांड्यावरच्या. मुलगा पुण्याला, घरात एकट्या. मी चप्पल काढायच्या आत जेवलीस का विचारलं आणि उत्तर न ऐकताच भाकरी थापायला बसल्या. मग आरशांचं भरतकाम काढलं. चष्मा नाही काही नाही, सुईत दोरा एका झटक्यात! माझा चष्मा बघून म्हणे, एवढीशी पोरगी आन् भिंगं आजीची. बाई माझ्या गावी, लातुरात असती तर मी आधीच शोधून काढली असती.

५ फेब्रुवारी, बुधवार

माणसं जमली, पण खुर्चीवर कोणी बसेना. त्या उजेडानं डोळे जातात, असं कोणीतरी उठवलेलं. मी समजावून समजावून घसा कोरडा केला. शेवटी भिकाबाई गर्दीतून पुढे आल्या. मशीनला भ्यायचं काहून, म्हणे. बोहनी घरच्या माणसानं करायची असती, आन् ही पोरगी माझ्याच घरची हाय. बसल्या की ताठ! त्यानंतर रांगच लागली. हळद काढायचे दिवस आहेत, त्यामुळे हनुवटी टेकायची पट्टी दुपारपर्यंत पिवळीधमक झाली.

जुन्या कॅमेऱ्याची एक रीत आहे. सकाळी चालू केला की पहिला डोळा तो नमुना म्हणून धरतो आणि दुसरा डोळा त्याच्याशी ताडून पाहतो. मग दिवसभराचे फोटो साधे. नमुना म्हणून मी माझाच डोळा देते, बटण माणिकराव दाबतात. सोनार आधी वजन ठेवून काटा तपासतो, तसंच हे. माझ्यामागून लगेच भिकाबाई. आता रोजची बोहनी त्यांचीच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जुना कॅमेरा खोडी करतो आहे. भिकाबाईंच्या नसा तो रोज थोड्या बारीक दाखवतो. नव्यावर मात्र सगळं बराबर. बाकीच्यांच्या मापात एवढा घोळ नाही. सरांना फोन केला तर म्हणाले, जुनं यंत्र, त्याचाच दोष. जेवढं कमी दाखवतंय तेवढं जोडून लिही. जोडते आहे.

माझी मात्र चैन आहे. माझी नेहमीची डोकेदुखी गेली. आज चष्मा घरी विसरले आणि नाक्यावरच्या जीपची पाटी वाचली! भिकाबाई म्हणे, हा माझ्या ठेच्याचा गुण. आणि म्हणे, मावशी मावशी काय लावलंय, याडी म्हण. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ती हाक मारायला कोणी नव्हतंच. मी याडी म्हटलं आणि लहान लेकरासारखी रडले. त्या माझ्या डोक्याला तेल लावत बसल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वरणात दोनदा मीठ. मी चिडवलं, याडी, लक्ष कुठंय, जावई शोधून राहिल्या का? हसल्या. पण नंतर सुई माझ्याकडे दिली. धुरकट दिसून राहिलं, म्हणे, चुलीचा धूर असंल. चूल कुठली, गॅस आहे घरात. मी दोरा ओवला. मला तो चष्म्याशिवाय ओवता आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

याडी लग्नाला सेनगावला गेल्या. त्यांच्या जागी बोहनीला किराणावाले भागवतभाऊ बसले. गडी पैलवानासारखा, आणि जुन्या कॅमेऱ्यावर नसा एकदम सुतासारख्या! नव्यावर ठणठणीत. शिव्या घातल्या त्या यंत्राला आणि फरक जोडून टाकला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भागवतभाऊंचं तोंड वाकडं झालं. दुकानात माप करता करता खाली बसले. हिंगोलीला नेलंय.

याडी परत आल्या. मी त्यांना नव्या कॅमेऱ्यावरच पाहिलं. आता नव्यावरही नसा बारीक. जुन्यानं मागच्या आठवड्यात जे माप दाखवलं होतं, नेमकं तेच. म्हणजे जुना खोटा नव्हता. तो आधी दाखवत होता आणि मी जोडून जोडून झाकत होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज माझे स्वतःचे फोटो काढून बघितले. सगळे, तारखेनं. माझ्या नसा रोज जाड होत गेल्यात. जेवढ्या याडींच्या उतरल्या, तेवढ्याच माझ्या चढल्या. भागवतभाऊंच्या उतरल्या, त्या दिवशीही तसंच.

यंत्र ताडून पाहत नव्हतं. दुसऱ्याचं काढून पहिल्याला देत होतं.

मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारत राहिले. हे डोळे माझे नाहीत. त्या बाईनं मला खाऊ घातलं आणि मी तिचं —

२३ फेब्रुवारी, रविवार

याडींना आता माणसाचा नुसता आकार दिसतो. चहा ओतताना कप चुकला. मलाच म्हणे, तू कशाला रडतीस, वयच हाय माझं.

सरांना फोटो पाठवले. म्हणाले, उपाय नाही. ह्या बाईच्या नसा पुन्हा एकदा आकसल्या तर जीव जाईल. बाकीचं मी सांगितलंच नाही. कोण विश्वास ठेवणार? फक्त माणिकरावांना सांगितलं. ते म्हणाले, मंग उलटं करून पाहू.

उलटं. आधी याडी, मागून मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

याडींच्या नसा भरल्या! काल थोड्या, आज चांगल्या. याडी अंगणात उभ्या राहून म्हणे, पोरी, तुझ्या ओढणीला डाग हाय. कुठला देव मानू मी? त्यांना काही सांगितलेलं नाही. नवीन पद्धत आहे म्हटलं.

मला कडेनं थोडं काळं दिसतं. चालायचंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ओळी वाकड्या जात असतील. बोट ठेवून लिहिते आहे. याडींनी आज सुईत दोरा ओवला म्हणे — मी नुसतं ऐकलं.

भिंत चाचपत जाताना त्यांनी मला पाहिलं. नंतर माणिकरावांशी हळूहळू बोलत होत्या, बराच वेळ. मी माणिकरावांवर ओरडले, सांगितलंत का म्हणून. ते नाही म्हणाले. आवाज खरा वाटला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अंधार. पण भीती नाही फार. त्यांना दिसतंय. त्या भरवतात, मी खाते.

माणिकरावांना बजावलं, आता पुरे, ते यंत्र बंद करा. हो म्हणाले.

१ मार्च, शनिवार

सकाळी माणिकरावांनी खोलीवर आणलं. शेवटचा एक फोटो, म्हणे, सरांनी मागितलाय. मी हनुवटी टेकवली. बटण वाजलं. मग त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं. तिथंच लिहिते आहे, चाचपत.

एक गोष्ट डोक्यात — यंत्र तेव्हाच नुकतं चालू केलं होतं. म्हणजे पहिला डोळा माझा. नमुना. मागून कोणी बसलं नाही तर काही होत नाही. कोणी नाही म्हणा —

आत बांगड्या वाजल्या.

याडी? त्या तर घरी — माणिकराव म्हणाले होते घरी —

कागद पांढरा आहे. मला कळतंय तो पांढरा आहे. निळं काहीतरी — शाई — माझं अक्षर — किती वाकडं —

नको. याडी, नको. दार आतून लावलंय. माणिकराव रडताहेत आत. याडी, उठा, हनुवटी काढा तिथून, मला नको हे, मला दिसायलंय, सगळं दिसायलंय, दाराची फट, तुमचा पदर, तुम्ही खाली घस —